मोठ्या अंगाच्या कोंबड्या: पाळणूक, आयुष्य आणि खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवण्याची रीत

परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्यांच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. गिरिराज आणली, अंगाने चांगली भरली, पण ती खुडूकच होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसतच नाही. ब्रह्माची जोडी हौसेने आणली आणि पहिल्याच मे महिन्यात कोंबडा गेला. असील दिसायला देखणी, पण अंडी इतकी कमी की घरातले विचारतात, ही ठेवायची कशाला? या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. भारी अंगाच्या पक्ष्याकडून आपण ब्रॉयलरची घाई आणि गावठी कोंबडीचा काटकपणा एकदमच मागतो. हा पक्षी सावकाश वाढतो, उशिरा अंड्यावर येतो, म्हणजे उशिरा अंडी द्यायला लागतो, आणि नीट सांभाळला तर बरीच वर्षं राहतो. त्याचा हिशोब वर्षांत मांडायचा असतो, आणि त्या हिशोबात खुडूक कोंबडीचं मोल सगळ्यांत जास्त.

जात निवडताना

असील ही आपली भारी अंगाची देशी जात. आंध्र प्रदेश, छत्तीसगड आणि ओडिशा हा तिचा मूळ मुलूख. गडचिरोलीपलीकडच्या बस्तर भागात ती घरोघरी दिसते. कोंबडा ३ ते ४ किलोचा, कोंबडी २ ते ३ किलोची. लांब पाय, ताठ मान, अंगाला घट्ट चिकटलेली तुटपुंजी पिसं आणि डोक्यालगत बसलेला छोटा तुरा यावरून ती लांबूनही ओळखू येते. अंडी वर्षाला जेमतेम ३० ते ६०. पण अंड्यांवर बसावं तर असीलनेच. पिल्लांसाठी ती मुंगसाच्याही अंगावर धावून जाते. ही जात झुंजीसाठी प्रसिद्ध आहे आणि आजही काही जण त्याच हेतूने ती घेतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणं गुन्हा आहे आणि तो तसा असायलाच हवा.

गिरिराज आणि वनराज या सुधारित जाती. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात. परसात मोकळ्या फिरणाऱ्या वनराजकडून वर्षाला शंभर-एकशेदहा अंडी मिळतात, गिरिराज त्याहून थोडी पुढे जाते. दोन्हींचे कोंबडे चांगले वजनदार होतात. मात्र या संकरित जाती आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पुढची पिढी आईबापांसारखी एकसारखी निघत नाही, कुठे रंग बदलतो तर कुठे वजन घटतं. शिवाय जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेल्यामुळे त्यांच्यातली खुडूक होण्याची सवय बरीचशी गेली आहे. म्हणून तुमची गिरिराज खुडूक होत नसेल तर तिला काही झालेलं नाही, तिचा स्वभावच तो.

ब्रह्मा, कोचीन आणि जर्सी जायंट या परदेशी हौसेच्या जाती. ब्रह्माचं नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं असलं तरी ती घडली अमेरिकेत. १८४० च्या दशकात शांघाय बंदरातून तिकडे गेलेल्या मोठ्या कोंबड्या आणि आपल्या पूर्वेकडच्या चितगावचे उंच पक्षी यांच्या संकरातून ती आली असं मानलं जातं. पूर्ण वाढलेला कोंबडा साडेपाच किलोच्या आसपास, कोंबडी चार किलोच्या पुढे. जर्सी जायंट त्याहून थोडी जास्तच. हे पक्षी थंडीला पक्के आणि उन्हाला कच्चे. अंगभर मऊ, दाट पिसं आणि तुरा मात्र बारीक. कोंबडी अंगातली बरीच उष्णता तुऱ्यावाटे बाहेर टाकते, ब्रह्माला ती सोय फार थोडी. महाबळेश्वर, इगतपुरी, आंबोलीसारख्या थंड हवेत ब्रह्मा जरूर ठेवा, पण पायावरची पिसं पावसाळ्यात कोरडी राहतील एवढी काळजी घ्या. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या उन्हाळ्यात मात्र ब्रह्मा आणू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे असीलच घ्यावी; तुरा तिचाही छोटाच, पण अंगावर पिसं कमी आणि पाय उघडे, त्यामुळे तिला ऊन सोसतं.

माझ्या मते परसासाठी सगळ्यांत चांगली मांडणी अशी: खायच्या अंड्यांसाठी सहा-आठ वनराज किंवा गिरिराज, आणि पिल्लं काढण्यासाठी दोन-तीन असील किंवा पक्क्या गावठी कोंबड्या. स्वतःचं वाण पुढे न्यायचं असेल तर कोंबडा आणि कोंबड्या दोन्ही शुद्ध असील ठेवा. सुधारित जातींची एक दिवसाची पिल्लं पुण्यात खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या सरकारी केंद्रांतून मिळतात, आधी नोंदणी करावी लागते. आठवडी बाजारातून पक्षी घ्यायचं शक्यतो टाळा, तिथे चार गावचे रोग एकत्र आलेले असतात. घेतलाच तर तीन आठवडे वेगळा ठेवून मगच कळपात सोडा.

खुराडं

मोठा पक्षी उडत नाही, दाणकन खाली आदळतो. गावठी कोंबडी आंब्याच्या फांदीवर रात्र काढते, चार किलोची ब्रह्मा तीन फुटांवरून उतरली तरी तळव्याला मार बसतो. त्या जागी गाठ येते, आत पू होतो आणि पक्षी लंगडायला लागतो. म्हणून बसायची दांडी जमिनीपासून एक ते दीड फुटावरच ठेवा. दांडी अडीच-तीन इंच रुंद, कडा तासलेली असावी. गोल बांबू बारीक असला तर पायाची पकड बसत नाही.

आत दर पक्ष्यामागे चार चौरस फूट जागा धरा, बाहेर फिरायला दहा किंवा त्याहून जास्त. अंडी घालायची पेटी नेहमीच्या बारा इंची मापाची चालत नाही, सोळा इंच लांब-रुंद लागते आणि ती जमिनीलगतच असावी. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम धरली की उन्हाची तिरीप आत कमी येते. दोन्ही लांब बाजूंना जाळी आणि वर गोणपाटाचे पडदे. जाळी अर्धा इंची, वेल्ड केलेली घ्या. स्वस्त कोंबडीजाळी मुंगूस आणि रानमांजर सहज वाकवतात. खाली भाताच्या तुसाची तीन-चार इंचांची गादी टाका आणि ती दर दोन दिवसांनी दाताळ्याने हलवत राहा. मूठभर तूस हातात दाबून बघा. गोळा झाला तर गादी ओली आहे, सुटला तर बरोबर. कोकणात खुराडं जमिनीपासून दोन फूट उचलून बांधतात, ते फार शहाणपणाचं आहे. फक्त चढायला रुंद, सौम्य उताराची फळी लावा.

खाद्य

पहिले आठ आठवडे २० टक्के प्रथिनांचं पिल्लांचं खाद्य, नंतर अंड्यावर येईपर्यंत १६ टक्क्यांच्या आसपासचं वाढीचं खाद्य आणि पहिलं अंडं दिसल्यावर लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीचं खाद्य, हा क्रम पाळा. ब्रॉयलरचं खाद्य भारी जातींना चुकूनही देऊ नका. पिल्लू झटपट फुगतं, मांस चढतं आणि हाडं मागे राहतात. दोन महिन्यांचा असील कोंबडा पायावर उभा राहत नाही अशी तक्रार आली की बहुतेकदा ताटात ब्रॉयलर फिनिशर सापडतं.

लेअर कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते, मोठी जात दीडशे ग्रॅमपर्यंत जाते. मोकळ्यावर फिरणाऱ्या पक्ष्याला यातलं बरंचसं बाहेर मिळतं. घरचं मिश्रण करायचं तर मक्याचा भरडा, तांदळाची कणी, ज्वारी-बाजरी, सोया किंवा शेंगदाणा पेंड आणि खनिज मिश्रण पुरे. अझोला या पाण्यावर वाढणाऱ्या हिरव्या वनस्पतीचा वाफा असेल तर उत्तम. मका किंवा पेंडीला बुरशीचा वास आला तर ती फेकून द्या. उन्हात वाळवली तरी बुरशीचं विष जात नाही आणि पक्ष्याचं यकृत खराब होतं. अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, हवा तेवढा त्या खातात. नरांना तो नको, म्हणून सरसकट खाद्यात मिसळू नका.

अंड्यावर आलेल्या भारी कोंबडीची चरबी वाढू देणं हा सगळ्यांत महागात पडणारा लाड आहे. घरातलं शिळं भात-पोळी, तळण, फरसाण खाऊन ती गोल होते, अंडी कमी होतात आणि एखाद्या उकाड्याच्या दुपारी बसल्या जागी मरते. उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. भर दुपारी पोट भरलेलं असलं की पचनाची उष्णता उन्हात भर घालते. पाणी माठातलं, सावलीत, दिवसातून तीनदा बदललेलं.

लसी

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीवरच्या (राणीखेत रोगावरच्या) लसीचा एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा, सहा-सात आठवड्यांवर देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत आणि आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीची आर-टू-बी लस टोचून. अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते आणि आपल्याकडे पिल्लं पंधरा. वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवावा, बर्फात कुपी आणावी आणि फोडल्यावर दोन तासांत सगळ्यांची पिल्लं उरकावीत. मानमोडी आली की लस न टोचलेलं अख्खं खुराडं चार दिवसांत रिकामं होतं, आणि आजार आल्यावर टोचून उपयोग नसतो. पक्षी अचानक पटापट मरू लागले तर मेलेले उघड्यावर फेकू नका, विकूही नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात सापडला होता.

किती जगते, किती वर्षं उपयोगी

ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो आणि तेवढंच त्याचं आयुष्य ठरवलेलं असतं. कुणी दया येऊन ठेवलाच तर पाय आणि हृदय साथ देत नाहीत. व्यावसायिक लेअर साधारण दीड-दोन वर्षांनी विकतात. या दोन्हींवरून कोंबडीचं आयुष्य ठरवू नका. परसातली भारी जातीची कोंबडी चांगल्या निगेत पाच ते आठ वर्षं जगते. असील आणि काटक गावठी त्याहूनही पुढे जातात. एकूण पाहता अंग जितकं जड तितकं आयुष्य थोडं कमी. अमेरिकेतल्या मिशिगनमधली ‘पीनट’ नावाची कोंबडी २०२३ साली वयाची वीस वर्षं ओलांडून गिनीज बुकात गेली, ती बँटम वळणाची छोटीशी कोंबडी होती. चार किलोच्या ब्रह्माकडून तशी आशा धरू नये.

वनराज-गिरिराज साडेपाच-सहा महिन्यांत अंड्यावर येतात, असील आणि ब्रह्मा सहा-सात महिने किंवा त्याहून जास्त घेतात. पहिलं वर्ष सगळ्यांत भरघोस. त्यानंतर दरवर्षी पिसं झडल्यावर अंडी कमी होत जातात. पिसं झडण्याच्या दोन-तीन महिन्यांत ती अंडी देतच नाही, कारण खाल्लेलं प्रथिन नव्या पिसांकडे जातं. या काळात तिला ‘बाद झाली’ म्हणून विकणारे पुष्कळ भेटतात. दोन-तीन महिने धीर धरा, मूठभर पेंड किंवा सुकट जास्त द्या, ती परत येते.

कोंबडी अंड्यावर आहे की नाही हे हाताने कळतं. संध्याकाळी तिला काखेत धरा, डोकं मागे आणि शेपूट पुढे. गुदद्वाराच्या खाली दोन्ही बाजूंना दोन पातळ, टोकदार हाडं लागतील. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज मावत असतील, द्वार ओलसर आणि रुंद असेल तर ती अंडी देते आहे. जेमतेम एक बोट बसत असेल आणि द्वार कोरडं, आवळलेलं असेल तर ती थांबली आहे. हीच पारख करून तलंगा, म्हणजे नुकत्याच वयात येणाऱ्या तरुण कोंबड्याही निवडता येतात.

तीन वर्षांपुढच्या भारी कोंबडीला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: वजन, तळवे आणि अंडं अडकणं. पेंग्विनसारखी उभी राहून, शेपूट खाली-वर करत कळ काढणारी कोंबडी दिसली तर कोमट पाण्यात तिचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि नंतर अंधाऱ्या, उबदार जागी बसवा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं तर ती वाचत नाही. दिवसभरात अंडं सुटलं नाही तर डॉक्टर गाठा.

आता हिशोब. चार वर्षांची असील वर्षाला तीस अंडी देत असेल, तर अंड्यांच्या भावात ती तोट्याची. पण ती वर्षातून दोनदा दहा-दहा अंड्यांवर बसली, दर वेळी आठ पिल्लं निघाली आणि त्यातली पाच मोठी झाली, तर दहा पक्षी तिने विजेशिवाय, इन्क्युबेटरशिवाय, दिव्याशिवाय वाढवून दिले. म्हणून चांगली बसणारी म्हातारी कोंबडी कापायची घाई करू नका.

खुडूक झाली हे ओळखणं

खुडूक होणं हा आजार नव्हे. मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, अंडाशय थांबतं आणि कोंबडीचं सगळं लक्ष उब देण्याकडे लागतं. ती पेटीतून उठत नाही. हात जवळ नेला की पिसं फुलवून अंग चपटं करते, घोगरा, तुटक आवाज काढते, चोच मारते. तुरा फिका पडतो. दिवसातून एकदाच उठून घाईने खाते-पिते आणि एकदाच भली मोठी, घाण वासाची विष्ठा टाकते. तिच्या पोटाखाली हात घातला तर छातीची पिसं उपटून उघडी झालेली, तापलेली कातडी लागते. ही खूण सगळ्यांत खात्रीची.

लगेच चांगली अंडी देऊ नका. दोन टाकाऊ अंडी किंवा गुळगुळीत दगड ठेवून दोन-तीन रात्री बघा. रात्री हात घातल्यावरही ती जागची हलली नाही तर पक्की बसली समजा. पहिल्यांदाच खुडूक झालेली तलंग मध्येच उठण्याची शक्यता असते, तिला पाच-सहा अंड्यांवर आजमावून बघावं.

अंडी निवडणं

सात दिवसांच्या आतली अंडीच घ्या, त्यानंतर पिल्लं निघण्याचं प्रमाण झपाट्याने उतरतं. मध्यम आकाराची, कवच गुळगुळीत आणि सारख्या जाडीचं. फार मोठी, लांबट, खडबडीत, पातळ कवचाची बाजूला काढा. भारी कोंबडीखाली पातळ कवच टिकत नाही. अंडी धुऊ नका, धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो आणि जंतू आत शिरतात. टोक खाली करून ठेवा. जागा थंड हवी, फ्रीज नको. ओल्या वाळूवर ठेवलेला माठ आणि त्यात तूस किंवा धान्याच्या थरात अंडी, ही जुनी रीत उत्तम आहे. एप्रिल-मेमध्ये घरातल्या उकाड्यानेच गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. म्हणून उन्हाळ्यात ठेवणीची अंडी तीन-चार दिवसांच्या पुढे धरू नयेत.

अंडी फळलेली हवीत. भारी जातीत एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या पुरे. ब्रह्मा आणि कोचीनच्या मागच्या बाजूची दाट पिसं मीलनाच्या आड येतात. जोडी असूनही अंडी रिकामी निघत असतील तर दोघांच्याही गुदद्वाराभोवतीची पिसं कात्रीने कमी करा. कोंबडा बदलला तर तीन आठवडे थांबून मगच अंडी जमवायला घ्या, तोवर जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीत टिकून असतं.

बसवणं

महाराष्ट्रात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. पावसाळ्यात पिल्लांना ओल मारते, मे महिन्यात कोंबडीच थकते.

जागा वेगळी, अर्धवट अंधाराची, वर्दळीपासून लांब. गावठीसाठी पाटी किंवा टोपलं चालतं. भारी कोंबडीला आडव्या ठेवलेल्या खोक्यासारखी जागा द्या, जिच्यात ती समोरून चालत आत जाईल. वरून उडी मारून अंड्यांवर उतरली की दोन-तीन फुटलीच. तळाला राख मिसळलेली कोरडी माती, तिच्यावर भाताचं पेंढं किंवा सुकं गवत आणि थोडा कडुनिंबाचा पाला. मधे उथळ खळगा करा. खोल झाला तर अंडी एकमेकांवर चढतात आणि वजनाखाली चिरतात. बसवण्याआधी कोंबडीचे पंख उचलून उवा आणि गोचीड तपासा. एकवीस दिवस हलायचं नाही, त्यात रक्त पिणारे अंगावर असले तर ती बसल्या जागी मरते किंवा अंडी टाकून उठते. ब्रह्मा असेल तर पायाची लांब पिसं कापा, नाहीतर उठताना अंडी त्यांत अडकून बाहेर पडतात.

गावठीखाली आठ ते दहा, असील-ब्रह्माखाली दहा ते बारा अंडी. थंडी कडक असेल तर दोन कमी. बसल्यावर वाकून बघा, एकही अंडं पंखाबाहेर दिसता कामा नये. सगळी अंडी एकाच रात्री ठेवा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने फुली करा. दुसऱ्या कोंबड्या तिच्याजवळ येऊन अंडी घालतात. फुली नसलेलं अंडं रोज काढून घेता येतं.

गावाकडे टोपल्यात खिळा, कोळसा, सुकी मिरची ठेवतात, विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. खिळ्याने अंडं वाचत नाही आणि त्याने अपायही नाही. टोपलं कोरडं आणि पावसाच्या झडीपासून आत ठेवणं मात्र नक्की वाचवतं.

दाणा-पाणी हाताच्या अंतरावर ठेवा. मका, ज्वारी, बाजरी असे अख्खे दाणे द्या, विष्ठा घट्ट राहते. लेअरचं खाद्य नको. काही असील इतक्या निष्ठेने बसतात की खायलाच उठत नाहीत. त्यांना रोज ठरलेल्या वेळी दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवा. आधी पंखांखाली बोटं फिरवा, तिथे अंडं अडकलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटं ती राखेत लोळली, प्यायली, परत आली की झालं.

सातव्या रात्री अंडी उजेडावर बघा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, मागे मोबाइलचा टॉर्च, पुढे अंड्याची जाड बाजू. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे काळा ठिपका दिसला तर गर्भ जिवंत. सगळं स्वच्छ पिवळसर दिसलं तर अंडं रिकामं. शिरांऐवजी रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ मेला. रिकामी आणि मेलेली काढून टाका, कुजून फुटली तर सगळ्या टोपल्याची नासाडी करतात. चौदाव्या दिवशी पुन्हा बघा, तेव्हा हवेचा कप्पा सोडून बाकी अंडं काळं दिसायला हवं. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका.

एकविसाव्या दिवशी, कधी विसाव्याला, चोचीचा टवका दिसतो. तिथून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. कवच सोलून मदत करायचा मोह आवरा. आतल्या शिरा अजून कोरड्या झालेल्या नसतात, रक्त जातं. निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, त्यामुळे दोन दिवस त्याला खायला नसलं तरी चालतं. कोंबडी उरलेल्या अंड्यांसाठी बसून राहते ती याच भरवशावर.

अंडी सगळी फुकट गेली तर तिला तसंच पुढे बसू देऊ नका, एकवीस दिवसांत ती आधीच रोडावलेली असते. बाजारातून आणलेली एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवा आणि रिकामी अंडी काढून घ्या. सकाळी ती त्यांना आपली म्हणते. चार दिवसांच्या पुढची पिल्लं मात्र बऱ्याचदा नाकारते.

पिल्लं नको असतील तर

भर उन्हाळ्यात खुडूक झाली किंवा अंडीच हवी आहेत, तर तिला उठवावं लागतं. नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुडवणं, पाय बांधून उन्हात ठेवणं हे प्रकार अजून चालतात आणि ते निव्वळ क्रूर आहेत. तारेच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून उंच, उजेडात ठेवा. आत पेंढा नको, दाणा-पाणी भरपूर. खालून हवा खेळली की पोटाची उब निघते आणि तीन-चार दिवसांत ती ताळ्यावर येते. बाहेर सोडल्यावर सरळ पेटीकडे धावली तर आणखी दोन दिवस. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत अंडी पुन्हा सुरू होतात.

पिल्लांसोबत

पहिले आठ-दहा दिवस कोंबडी आणि पिल्लं डालग्याखाली किंवा छोट्या जाळीत ठेवा. घार आणि कावळा याच दिवसांत सर्वाधिक पिल्लं उचलतात. भारी कोंबडीच्या पायाखाली पिल्लू येण्याचाही धोका असतो, म्हणून जागा अगदी कोंदट नको. पाण्याच्या उथळ ताटलीत खडे टाका, पिल्लू बुडत नाही. आई आणि पिल्लं दोघांनाही पिल्लांचंच खाद्य द्या. ती अंड्यावर नसते, त्यामुळे तिला जास्त चुना लागत नाही, आणि लेअरच्या खाद्यातला चुना पिल्लांची मूत्रपिंडं बिघडवतो. वाळवीचा तुकडा मिळाला तर आई कशी बोलावते ते बघण्यासारखं असतं: चोचीत धरून खाली टाकते, पुन्हा उचलते, पिल्लू येईपर्यंत स्वतः गिळत नाही.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण लागते. पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं राहिलेलं पिल्लू आणि तांबूस विष्ठा दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून औषध पाण्यातून सुरू करा आणि ओली गादी बदला.

सहा ते आठ आठवड्यांत आई पिल्लांना चोच मारून दूर करायला लागते. असील थोडी जास्त सांभाळते. तिने दूर केलं की पिल्लं वेगळ्या खुराड्यात हलवा, तिला आठवडाभर पेंड आणि हिरवा पाला जास्त द्या. ज्या कोंबडीने पूर्ण एकवीस दिवस बसून पिल्लं नीट वाढवली, तिच्या दोन-तीन तलंगांच्या पायात रंगीत कडी घालून ठेवा, विकू नका. चांगलं बसणं बऱ्याच अंशी रक्तातून येतं. त्यांच्यासाठी कोंबडा मात्र दुसऱ्या घरचा आणा आणि दर दोन वर्षांनी बदला. भावाबहिणींच्या अंड्यांतून पिल्लं कमी निघतात, आणि निघालेली अशक्त राहतात.